मराठी वृत्तपत्रीय वाङ्मयातील दोन प्रवाह : निबंध आणि साक्ष

मराठीतील वाङ्मयीन वृत्तलेखनाचा इतिहास सांगताना बहुधा एकाच परंपरेचा निर्देश केला जातो. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त १८४८ ते १८५० या काळात लोकहितवादींची पत्रे प्रसिद्ध झाली, १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघू लागली, पुढे ‘केसरी’, ‘सुधारक’ व ‘काळ’ यांनी हाच वारसा चालविला. ही परंपरा थोर आहे यात शंका नाही. परंतु तीवरून विचार मांडणाऱ्या गद्याचीच वाढ कळते. डोळ्यांनी पाहिलेले आणि अंगावर भोगलेले सांगणाऱ्या गद्याचा वृत्तांत तीत येत नाही.

निबंधप्रवाह प्रबळ का झाला, हे त्याच्या उगमापाशीच दिसते. ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत छापले जाई. लोकांस नवी विद्या सांगणे व लोकांचे म्हणणे राज्यकर्त्यांच्या कानी घालणे, हे त्याचे काम होते. बातमी मिळविणे हे नव्हे. लोकहितवादींनी पत्राचे रूप स्वीकारले, त्यामुळे गद्यास आटोपशीरपणा आला. त्यांच्या वाक्यांत ‘करावे’, ‘नये’, ‘पाहिजे’ अशा उपदेशपर क्रियारूपांचा भरणा आहे. चिपळूणकरांनी या गद्यास विस्तार दिला : पूर्वपक्ष, खंडन, दृष्टांत व उपहास एकाच प्रदीर्घ वाक्यात पेलण्याचे सामर्थ्य मराठीस आले. १८९८ मध्ये सुरू झालेल्या ‘काळ’मध्ये शिवराम महादेव परांजपे यांनी व्याजोक्तीचा आश्रय केला, तो केवळ अलंकाराच्या हौसेने नव्हे; राजद्रोहाच्या कायद्यापुढे उघड बोलणे धोक्याचे होते. इतकी सावधगिरी बाळगूनही १९०८ साली त्यांस शिक्षा झालीच. शैली ही परिस्थितीतून घडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

दुसरा प्रवाह मात्र तुटक आहे. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदया’त १८५५ साली मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी ही मुलगी त्या वेळी अवघी चौदा वर्षांची होती. तिच्या लेखातही युक्तिवाद आहे. परंतु त्याचा आधार ग्रंथ नसून अनुभव आहे. घरावर छप्परही नसलेल्या बाळंतिणीचे थंडीवाऱ्यात काय हाल होतात, हे ती सांगते, तेव्हा ‘आमचे’ हा शब्दच प्रमाणाची जागा घेतो. या लेखाने मात्र मराठी नियतकालिकांत तशी परंपरा निर्माण केली नाही.

वरसईचे विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण वेगळ्या अर्थाने उद्बोधक आहे. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत ते उत्तरेत होते आणि झाशीचा वेढा त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. तिच्यात बखरीचे वळण, बोलण्याची लय आणि भूतकाळी क्रियापदांची धाव आहे. परंतु वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केले ते मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेला पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये उपलब्ध करून दिला. ज्या भाषेत साक्ष दिली गेली, ती भाषा वाचकांपर्यंत जशीच्या तशी पोहोचण्यास जवळजवळ साठ वर्षे लागली. शिष्ट गद्याचे माप निबंधाने ठरविले, आणि साक्षीस त्या मापात बसावे लागले.

स्वातंत्र्योत्तर काळात हे माप सैल झाले. श्री. ग. माजगावकर यांनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या ‘माणूस’सारख्या नियतकालिकांनी प्रत्यक्ष हिंडून केलेल्या लेखनास जागा दिली. १९६९ साली अनिल अवचट यांचे बिहारमधील दारिद्र्याचे दर्शन घडविणारे ‘पूर्णिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अवचटांचे वाक्य लहान, बोलीच्या जवळचे आहे. ते निष्कर्षाकडे धावत नाही, समोरच्या माणसास बोलू देते. निबंधकार वाचकास पटवितो. येथे लेखक वाचकास घटनास्थळी नेऊन उभा करतो.

या दोन प्रवाहांत उच्चनीच भाव मानण्याचे कारण नाही. निबंधाने मराठीस तर्काचे बळ दिले. साक्षीने तिला इंद्रियांची प्रतीती दिली. परंतु वाङ्मयेतिहासाने पहिल्यासच रूपविकास म्हटले आणि दुसरीस केवळ ऐतिहासिक साधन मानले, तर मुक्ता साळवे व गोडसे भटजी यांचे लेखन समाजशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या दप्तरात राहील, गद्याच्या अभ्यासक्रमात येणार नाही. कोणास लेखक म्हणावयाचे, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. म्हणून या रूपाच्या अभ्यासकाने लेखाच्या विषयाबरोबर त्यातील क्रियापदांकडेही पाहिले पाहिजे. ‘केले पाहिजे’ आणि ‘पाहिले’ या दोन रूपांमधील अंतर हाच या इतिहासाचा मोठा भाग आहे.