शेगावच्या ऐंशी जागा

संग्रामपूर सातपुड्याच्या पायथ्याशी, लोणार पार दक्षिणेला, आणि मधे पसरलेला तेरा तालुक्यांचा बुलढाणा जिल्हा. या साऱ्या तालुक्यांतली पाचवीची मुलं एकच परीक्षा देतात. त्यांतली जास्तीत जास्त 80 शेगावच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला जातात. एकदा आत गेलं की बारावीपर्यंतची वाट मोकळी होते. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, सगळं सरकारचं. ‘पोरगं नवोदयला लागलं’ एवढं म्हटलं की गावाला पुढचं सांगावं लागत नाही.

दहा-अकरा वर्षांच्या मुलाची कुवत आज तपासायची आणि त्यावर त्याच्या बारावीची सोय करायची, ही योजना आली कुठून?

एक मूळ महाराष्ट्रातलंच आहे. 1960 च्या दशकात, मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना, राज्यानं शासकीय विद्यानिकेतनं काढली. अमरावती, औरंगाबाद, धुळे, साताऱ्याकडे पुसेगाव अशा ठिकाणी ही निवासी विद्यालयं उभी राहिली. खेड्यातली हुशार मुलं शिष्यवृत्ती परीक्षेतल्या गुणांवर निवडायची आणि त्यांना चांगले शिक्षक द्यायचे, हा त्यामागचा विचार. त्यांची मर्यादा एवढीच, की ती माध्यमिक शिक्षणापाशी थांबत. दहावीनंतर मुलाला पुन्हा आपली वाट आपणच शोधावी लागे.

दुसरं मूळ तेलंगणात सापडतं. नलगोंडा भागातल्या सर्वेल गावी 1971 मध्ये ग्रामीण मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. तिच्यामागे उभे होते पी. व्ही. नरसिंह राव. मराठी वाचकाला ते परके नाहीत. त्यांनी नागपूरला कायद्याचं शिक्षण घेतलं आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ तेलुगूत नेली. 1985 मध्ये राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात मनुष्यबळ विकास खातं याच रावांकडे आलं. सर्वेलचा अनुभव देशभर नेण्याची संधी त्यांना तिथे मिळाली.

1985-86 मध्ये प्रयोग म्हणून दोनच नवोदय विद्यालयं उघडली. एक हरियाणात झज्जरला, दुसरं आपल्या अमरावतीला. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं जिल्ह्यागणिक एक शाळा हे सूत्र मान्य केलं आणि बुलढाण्याचा वाटा शेगावात आला. तमिळनाडूनं मात्र ही शाळा घेतलीच नाही. त्रिभाषा सूत्र त्या राज्याला मान्य नव्हतं.

या रचनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे स्पर्धेला घातलेली जिल्ह्याची हद्द. मोताळ्याच्या मुलाला पुण्याच्या किंवा नागपूरच्या मुलाशी झुंजावं लागत नाही. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, आणि ग्रामीण म्हणजे तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्याच शाळेत शिकलेलं मूल. एक तृतीयांश जागा मुलींना. पेपर मराठीतही मिळतो. 100 पैकी 50 गुण मानसिक क्षमता चाचणीचे. त्यात आकृत्या ओळखायच्या, जुळवायच्या, वेगळी शोधायची. शाळा कमी पडली असली तरी मुलाची समज दिसावी, हा त्यामागचा हेतू. गणित आणि भाषा यांना पंचवीस-पंचवीस.

आकृत्यांचाही सराव करून घेता येतो, हे पालकांना लवकरच उमगलं. तालुक्याच्या गावी नवोदयचे क्लास निघाले, सरावाच्या पुस्तकांचे गठ्ठे आले. अनेक गावांत जिल्हा परिषदेचे गुरुजी शाळा सुटल्यावर मुलांना बसवून घेतात, एक पैसा न घेता. जिथे असे गुरुजी नाहीत आणि क्लासची फीही परवडत नाही, तिथल्या मुलाची कुवत तपासली जाते ती निम्म्या तयारीवर. या परीक्षेचं हे खरं दुखणं आहे, आणि त्यावर प्रश्नपत्रिकेत बदल करून इलाज होणार नाही.

आक्षेप सुरुवातीपासून होतेच. 1990 मध्ये आचार्य राममूर्ती समितीनं नवोदयवर टीका केली. कोठारी आयोगानं 1966 मध्ये समान शाळेचा आग्रह धरला होता. मूठभरांसाठी वेगळी शाळा त्या आग्रहाशी जुळत नाही, हे म्हणणं खोडून काढणं कठीण आहे. तरी खारपाणपट्ट्यातल्या शेतमजुराची मुलगी बारावी विज्ञान करते, ते या 80 जागांमुळे, हेही तितकंच खरं.

चाळणी बारावीला संपत नाही. पुणे जिल्ह्यात कडूस गावी दक्षणा फाउंडेशनचं निवासी केंद्र आहे. नवोदयची मुलं त्यासाठी पुन्हा एक परीक्षा देतात. निवडलेल्यांची आयआयटी आणि वैद्यकीय प्रवेशाची तयारी तिथे मोफत करून घेतली जाते. म्हणजे पाचवीत आकृत्या जुळवणाऱ्या मुलाला इंजिनिअरिंगच्या दारापर्यंत पोचायला आणखी दोन चाळण्या पार कराव्या लागतात, आणि तेव्हा त्याच्यासमोर जिल्ह्याचा कोटा नसतो, अख्खा देश असतो.