एका शोधनिबंधाचे वजन

संशोधकाच्या कामाचा प्रभाव मोजायचा कसा? निबंधांची संख्या मोजणे सोपे. पण पुष्कळ लिहिले म्हणजे ते कोणी वाचले असे होत नाही. म्हणून यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये वेगळी वाट सुचवली : पुढच्या संशोधकांनी कोणत्या जुन्या निबंधांचा हवाला दिला, त्याची सूची करायची. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी त्यावरून ‘एच-निर्देशांक’ काढला. ज्याच्या ४० निबंधांना प्रत्येकी किमान ४० हवाले मिळाले, पण ४१ निबंधांना ४१ मिळाले नाहीत, त्याचा निर्देशांक ४०. आता हे माप एका खऱ्या उदाहरणाला लावून पाहू.

ब्रेंडा मिल्नर या मँचेस्टरला १९१८ मध्ये जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ. कॅनडातील माँट्रिअल येथे मेंदूचे शल्यचिकित्सक पेनफिल्ड अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करत. त्या रुग्णांची तपासणी मिल्नरबाई करत. कानशिलामागचा मेंदूचा काही भाग एकाच बाजूने काढलेल्या दोन रुग्णांना नवे काही लक्षात राहीना. दुसऱ्या बाजूचा तोच भाग आधीपासून बिघडलेला असावा, असा तर्क दोघांनी १९५५ मध्ये एका परिषदेत मांडला. त्याचा छोटा सारांश अमेरिकेतील हार्टफर्डचे शल्यचिकित्सक स्कोव्हिल यांच्या वाचनात आला. त्यांनी पेनफिल्डना कळवले, असाच रुग्ण माझ्याकडेही आहे.

हा रुग्ण म्हणजे हेन्री मोलेसन. अपस्मार आटोक्यात यावा म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग काढला होता. त्यात हिप्पोकॅम्पस या अवयवाचा मोठा हिस्सा गेला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली. पण नवी आठवण मनात ठरेना. ५८४ हा आकडा तो मनाशी घोकत पंधरा मिनिटे धरून ठेवी. लक्ष दुसरीकडे गेले की आकडा तर जाईच, आकडा सांगितला होता हेही जाई.

स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा निबंध १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृती मेंदूभर सारखी पसरलेली असते, असे त्या काळी अनेकांना वाटे. आठवणी साठवण्यासाठी एक ठरावीक भाग लागतो, हे या निबंधाने दाखवले. पुढे १९६२ मध्ये मिल्नरबाईंनी आणखी एक गोष्ट मांडली. आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचा सराव मोलेसनकडून करून घेतला, तेव्हा तीन दिवसांत त्याचा हात सुधारला. मात्र आपण हे पूर्वी केले आहे, हे त्याला आठवत नव्हते. म्हणजे हाताचे कौशल्य आणि घटनेची आठवण या वेगळ्या गोष्टी आहेत.

एरिक कँडेल यांना हिप्पोकॅम्पसकडे वळवण्यात या कामाचा वाटा होता. पुढे समुद्री गोगलगायीतील स्मृतीच्या अभ्यासासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. १९५७ च्या निबंधाचे हवाले हजारोंच्या घरात आहेत. तरी एच-निर्देशांकात तो एकच निबंध म्हणून मोजला जातो. ४० हवाले असोत की ४०००, हिशेब तोच. इतरांनी पुढे नेता येईल असा नेमका प्रश्न एखाद्या निबंधाने उभा केला का, हे आकड्यात दिसत नाही. परिषदेतला तो सारांश तर कोणत्याच मोजणीत ठळक दिसणार नाही. पण तो वाचला गेला नसता तर मिल्नरबाई हार्टफर्डला गेल्या नसत्या.

मोलेसनने सुमारे पन्नास वर्षे चाचण्या दिल्या. मिल्नरबाई त्याला दर वेळी नव्याच वाटत. २००८ मध्ये तो वारला, तोवर निबंधांत त्याची फक्त आद्याक्षरे छापली जात. हवाल्यांच्या सूचीत त्या निबंधापुढे दोनच नावे आहेत. विद्यार्थ्यांना हा इतिहास सांगताना आपण तिसरे नावही सांगायला हवे.