नांवाची मालकी

परदेशची मासळी स्थानिक मासळीच्या नांवावर विकली जाऊं नये, हें तत्त्व सर्वांस मान्य आहे. परंतु तें नांव कोणाचें, असा प्रश्न निघाला म्हणजे न्यायाची खरी कसोटी लागते. सार्डीनचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे.

फ्रेंच व्यापारी पिलचार्ड जातीची कोवळी मासळी तेलांत घालून डब्यांत भरीत व तीसच सार्डीन म्हणत. पुढें नॉर्वेची ब्रिसलिंग ही निराळी मासळी ‘नॉर्वेजियन सार्डीन’ म्हणून इंग्लंडांत खपूं लागली. खटला झाला, आणि देशाचें नांव जोडल्यानें वर्णनाचा खोटेपणा जात नाहीं, असा निर्णय लंडनच्या न्यायालयानें १९१५ सालीं दिला.

युरोपीय समुदायानेंही १९८९ सालीं हें नांव एकट्या पिलचार्डापुरतें राखून ठेविलें. तेव्हां पेरू देशानें जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाप्रमाणें इतर जातींसही, देशाचें वा जातीचें नांव जोडून, सार्डीन म्हणतां येत होतें. त्या यादींत आमच्या कोंकणची तारली आहे. इतकेंच नव्हे, तर १९१५ सालीं खोटी ठरलेली ब्रिसलिंगही आहे! २००२ सालीं निकाल पेरूच्या बाजूनें लागला.

ग्राहकाचें रक्षण करणें निराळें आणि ग्राहकाचें निमित्त करून व्यापाऱ्याचें रक्षण करणें निराळें. डब्यांत मासळी कोणती व ती आली कोठून, हें दोन्ही स्पष्ट लिहिलें म्हणजे विकणाराचें कर्तव्य संपलें, असें आम्हांस वाटतें. पुढील निवड खाणाराची.