दर्या आणि दऱ्या

विजयदुर्गाविषयी मराठीत चार ओळी लिहायच्या म्हटल्या की दोन अक्षरांशी गाठ पडतेच. किल्ल्याच्या पायऱ्या, किनाऱ्यावरची वस्ती, वाऱ्याने झिजलेले चिरे : या प्रत्येक शब्दात तो पापणीसारखा आडवा अर्धा ‘र’ आहे. शिवाय फेब्रुवारी १७५६मध्ये तुळाजी आंग्र्यांचा हा गड घेणारा ॲडमिरल वॉटसन! त्याचा हुद्दा ‘अ’वर चंद्र काढल्याखेरीज लिहिता येत नाही. हिंदीचे या दोन्ही अक्षरांवाचून अडत नाही. त्यामुळे देवनागरी संगणकावर आली असे जाहीर झाल्यानंतरही मराठी वाचकाचे काम संपलेले नव्हते.

नव्वदच्या दशकात प्रत्येक फाँटविक्रेत्याचे अक्षरक्रमांक निराळे असत. एका फाँटात जुळवलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की कचरा दिसे. १९९१चे युनिकोड हा त्यावरचा उपाय. त्यातील देवनागरीचा तक्ता १९८८च्या भारतीय ‘इस्की’ मानकावर बेतलेला होता. पण अक्षराला क्रमांक मिळणे निराळे आणि ते पडद्यावर नीट उमटणे निराळे. र, हलन्त, य असा क्रम आला की रफार द्यायचा, म्हणजे ‘दर्या’. आणि ‘र’खाली टिंब असलेले ‘ऱ’ आले की पापणी काढायची, म्हणजे ‘दऱ्या’. हे जोडकाम करणाऱ्या आज्ञावलीला कोणीतरी हे शिकवावे लागते. मराठी न जाणणाऱ्या कुशल अभियंत्याला समुद्राच्या जागी डोंगरदऱ्या आल्या तरी चूक दिसणारच नाही.

लिनक्सवर हे शिकवण्याचे काम पुष्कळ अंशी स्वयंसेवकांनी केले. २०००च्या सुमारास वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी ‘इंडलिनक्स’ सुरू केले. २००४मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ हे फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले. ते घडवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे ‘श्री-लिपी’ विकणाऱ्या कंपनीनेच. विक्रेता आणि मुक्तवादी अशी सोपी फाळणी येथे टिकत नाही. विंडोजच्या ‘मंगल’नेही मराठीची पुष्कळ सोय केली, हे मान्य केलेच पाहिजे. फरक एवढाच, की खुल्या आज्ञावलीत दोष दिसला तर तो कोठे आहे हे वाचकाला स्वतः पाहता येई.

मात्र तक्रार कशी करावी याची शिस्त कडक होती. आवृत्ती कोणती, फाँट कोणता, कळा कोणत्या दाबल्या, काय उमटले आणि काय उमटायला हवे होते, एवढे सांगितल्याशिवाय कोणी दखल घेत नसे. उत्तर देणारा दिवसा दुसरीकडे नोकरी करणारा असे. त्याच्याकडे उसासे ऐकायला वेळ नव्हता. मराठी अक्षरांची ही चिकित्सा बहुधा इंग्रजीतच चाले, ही त्यातली गंमत.

अशा बिनपगारी मदतीचे एक जुने उदाहरण खुद्द विजयदुर्गावर आहे. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर येथे आला, तेव्हा ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते. ज्योतिषशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हता. त्यांना आधी तालीम द्यावी लागली आणि मग त्यांनी निरीक्षणांत भाग घेतला. असो.

‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळायला एप्रिल २००८ उजाडावे लागले (युनिकोडची ५.१ ही आवृत्ती). तोवर ‘अ’पुढे चंद्र दिला की अनेकदा मध्येच टिंबांचे वर्तुळ उमटे, ते टाळण्यासाठी लोक दोहोंमध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालत. पापणीच्या ‘र’चेही तसेच झाले. तो ‘ऱ’ आणि हलन्त असा लिहिता येतो, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि तेच अदृश्य चिन्ह असाही. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला नाहीत. त्यामुळे विजयदुर्गावरचे त्या काळात टंकलेले लेख चाळताना ‘किनाऱ्यावर’ हा शब्द आजही दोनदा शोधावा लागतो.