कासवाचे नवजात पिल्लू : निगा आणि कायदा

अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर हे गाव खंडेश्वराच्या हेमाडपंती देवालयासाठी प्रसिद्ध आहे. महादेवाच्या देवळात नंदीनंतर भाविक नमस्कार करतात तो कासवाला. या श्रद्धेला पुढे ‘घरात कासव असले की लक्ष्मी नांदते’ या समजुतीची जोड मिळाली आणि जिवंत कासवे घरांत येऊ लागली. ‘वीस नखी’ कासवाने धनलाभ होतो, या भ्रमापायी त्यांची तस्करीही होते. म्हणूनच नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाची निगा कशी राखावी, या प्रश्नाआधी ते पिल्लू कोणत्या जातीचे आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

कायदा काय सांगतो?

तारांकित कासव आणि वऱ्हाडातील तळ्या-ओढ्यांत आढळणारे मऊ कातडीच्या पाठीचे कासव या दोन्ही भारतीय जातींना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यांना पकडणे, विकणे अथवा घरी पाळणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान 25 हजार रुपये दंडाची तरतूद आहे. 2019 पासून तारांकित कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही जवळपास संपूर्ण बंदी आहे.

आफ्रिकेतील सुलकाटा कासवासारख्या काही विदेशी जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात. त्या बाळगणाऱ्याने नोंदणी करणे आवश्यक असून 2024 मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम लागू झाले. घरी पिल्लू जन्मले तर त्याचीही माहिती संबंधित अधिकाऱ्याला द्यावी लागते. पुढील माहिती अशा कायदेशीररीत्या बाळगलेल्या, जमिनीवर राहणाऱ्या कासवांच्या पिल्लांसाठी आहे.

पहिले काही दिवस

पिल्लू तोंडाच्या टोकावरील एका छोट्या टणक उंचवट्याने अंड्याचे कवच फोडते. पूर्ण बाहेर यायला त्याला एक-दोन दिवसही लागू शकतात. या काळात कवच सोलून त्याला ‘मदत’ करू नये. पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी दिसत असल्यास ती ओढू वा कापू नये. तोच त्याचा पहिला आहार असतो आणि काही दिवसांत तो शरीरात शोषला जातो. तोपर्यंत पिल्लाला स्वच्छ, ओलसर कागदावर ठेवावे. या दिवसांत त्याने काही खाल्ले नाही तरी घाबरण्याचे कारण नाही.

ऊब, ऊन आणि ओलावा

कासव स्वतःच्या शरीराचे तापमान राखू शकत नाही. त्यामुळे त्याच्या पेटीचा एक कोपरा 32 ते 35 अंश सेल्सिअस इतका उबदार व दुसरा 25 ते 27 अंशांपर्यंत थंड असावा. गरजेनुसार पिल्लू स्वतः जागा बदलते. हाडे व कवच बळकट होण्यासाठी लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व अतिनील किरणांमुळे तयार होते. मात्र खिडकीच्या काचेतून हे किरण पुरेसे येत नाहीत. म्हणून सकाळचे कोवळे ऊन थेट द्यावे किंवा त्यासाठीचा खास दिवा वापरावा. वऱ्हाडातला उन्हाळा 45 अंशांपर्यंत जातो. भर उन्हात सावलीविना ठेवलेले पिल्लू थोड्याच वेळात दगावू शकते. कूलरचा झोत आणि हिवाळ्यातील रात्रीचा गारठाही त्याला बाधतो.

कासव म्हणजे कोरड्या प्रदेशातला प्राणी, म्हणून त्याला कोरडेच ठेवावे, असा एक गैरसमज आहे. सुलकाटा कासवांवरील 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कवचावर पिरॅमिडसारखे उंचवटे येण्यामागे आहारातील प्रथिनांपेक्षा हवेतील कोरडेपणा अधिक कारणीभूत असल्याचे दिसून आले. पिल्लासाठी ओलसर मातीचा एक आडोसा असावा. रोज 10 ते 15 मिनिटे त्याला हनुवटीखाली राहील इतक्याच उथळ, कोमट पाण्यात ठेवावे.

आहार

हरळी, जास्वंदीची पाने व फुले, शेवग्याचा पाला आणि काटे काढलेला निवडुंग हा उत्तम आहार होय. अन्नात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट असावे. पालक रोज देऊ नये, कारण त्यातील ऑक्झलेटमुळे कॅल्शियम शोषले जात नाही. भात, पोळी, दूध आणि मांस पूर्णपणे वर्ज्य समजावे. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करून त्याची नोंद ठेवावी. वजन घटणे, कवच मऊ राहणे, डोळे सुजणे अथवा नाकातून पाणी येणे ही आजाराची लक्षणे असून अशा वेळी पशुवैद्यकांना दाखविण्यास विलंब करू नये.

मुलांचे आरोग्य

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. मुलांना होणाऱ्या संसर्गामुळेच अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. कासवाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत.

शेतात पिल्लू सापडल्यास

पावसाळ्यात शेतात वा बांधावर कासवाचे पिल्लू दिसले तर ते घरी आणू नये. ते धोक्यात किंवा जखमी असेल तरच वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवावे. याउलट, दुकानातून आणलेले तांबड्या कानाचे विदेशी पाणकासव मोठे झाले म्हणून तळ्यात सोडणे घातक ठरते. जगातील सर्वाधिक उपद्रवी 100 आक्रमक जातींत त्याची गणना होते आणि ते स्थानिक कासवांचे अन्न व जागा बळकावते.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम उभे केले. तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सुरक्षित जागी पुरून जपली जातात. सुमारे 45 ते 60 दिवसांनी पिल्ले बाहेर आली की त्यांना किनाऱ्यावर सोडले जाते आणि ती आपली आपण समुद्राकडे चालत जातात. तेथील ग्रामस्थही या पिल्लांचे संगोपनच करतात, मात्र एकही पिल्लू घरी नेत नाहीत. कासव अनेक दशके जगते. आज हौसेने घेतलेले पिल्लू कदाचित आपल्या नातवंडांच्या हाती सोपवावे लागेल, याचा विचार ते आणण्यापूर्वीच झालेला बरा.