प्लेगच्या घराची सफाई

घरात मृत्यू झाला म्हणजे ते घर धुऊन काढावयाचे, ही चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कोणी जमीन सारवितात, कोणी भिंतींना चुना देतात, आम्हा ख्रिस्ती लोकांत पाद्री येऊन तीर्थ शिंपडतात. आज काही देशांत खून, अपघात किंवा एकाकी मृत्यू घडलेली जागा शास्त्रीय रीतीने स्वच्छ करून देणे हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. परंतु हेच काम सरकारने कायद्याच्या बळावर आणि हजारो घरांतून करविले, असा एक काळ आपल्या प्रांताने पाहिला आहे. तो काळ म्हणजे १८९६ ते १८९८ या वर्षांतील प्लेगचा होय. त्या सफाईत नेमके काय धुतले गेले आणि काय धुवावयाचे राहून गेले, याचा विचार आज करावयाचा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल विएगस यांनी प्रथम या रोगाचे निदान केले. हे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. प्लेगचा जंतू त्यापूर्वी दोन वर्षे, म्हणजे १८९४ साली, हाँगकाँग येथे येर्सिन या शास्त्रज्ञाने शोधून काढला होता. मात्र तो माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे कोणासच उलगडले नव्हते. घाण, ओल, कोंदट हवा आणि रोग्याच्या खोलीतील माती यांत विष साठते, असा त्या काळच्या बहुतेक अधिकाऱ्यांचा समज होता. शत्रू भिंतीत आणि जमिनीत दडलेला आहे असे एकदा ठरल्यावर लढाईही भिंतींशी आणि जमिनींशीच सुरू झाली.

त्या लढाईची तऱ्हा अशी होती. रोगी दगावला किंवा त्याला रुग्णालयात नेले की सफाईची टोळी घरात शिरे. अंथरूण-पांघरूण आणि चिंध्या जाळीत. भिंतींवर व जमिनीवर कार्बोलिकचे किंवा रसकापुराचे, म्हणजे पाऱ्याच्या विषारी क्षाराचे पाणी मारीत. मातीची जमीन असेल तर ती उकरून काढीत, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले उतरवीत आणि शेवटी चुन्याची सफेती देत. गटारांतून समुद्राच्या पाण्याचे व कार्बोलिकचे लोट सोडले जात. जी घरे राहण्यास सर्वथा अयोग्य ठरत, त्यांच्या भिंतीवर ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरे रंगविली जात. ती अक्षरे मुंबईकरांच्या मनात अशी बसली की सहीचे नावही लिहिता न येणाऱ्या माणसाला त्यांचा अर्थ कळू लागला.

लोकांना सफाईचे भय नव्हते. भय होते ते सफाईच्या रीतीचे. ऑक्टोबर १८९६ मध्ये महापालिकेचे आयुक्त स्नो यांनी घरात बळाने शिरण्याचे व रोग्यास हलविण्याचे अधिकार जाहीर केले. त्याच महिन्याच्या २९ तारखेस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला चढविला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि हे अधिकार अधिकच वाढले. पुण्यास रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे शिपाई घरझडतीस निघाले. ते बुटांसह स्वयंपाकघरात व देवघरात शिरले, बायकामाणसांची विटंबना झाली आणि चीजवस्तूंची नासधूस झाली, अशा तक्रारींनी त्या वेळची वृत्तपत्रे भरली होती. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाला, हे सर्वांस ठाऊकच आहे. त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि १० मार्च रोजी त्या प्लेगनेच वारल्या. रोग्याच्या घरात शिरण्याच्या या दोन तऱ्हा एकाच महिन्यात पुण्याने पाहिल्या.

श्रोतेहो, या कथेतील आणखी एका वर्गाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. मेलेल्या माणसाच्या खोलीत, जेथे त्याचे सख्खे नातलगही पाऊल टाकावयास धजत नसत, तेथे झाडू आणि बादली घेऊन कोण जात होते? ते होते महापालिकेचे झाडूवाले, हलालखोर आणि रोजंदारीवरील बिगारी. १८९७ च्या आरंभापर्यंत सुमारे निम्मी मुंबई शहर सोडून गेली, असे सांगतात. आयुक्त स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती होती ती या सफाई कामगारांनीही वाट धरली तर काय, याची. ते गेले असते तर शहर एक आठवडाही राहण्याजोगे उरले नसते. ऑक्टोबरच्या अखेरीस सक्तीचे नियम सैल करण्यामागे ही धास्तीही होती. इतिहासाच्या पुस्तकांत रँडचे नाव येते, चापेकरांचे येते. या माणसांची नावे येत नाहीत.

आता या सफाईचे फळ काय मिळाले ते पाहू. १८९८ साली कराचीस पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्रयोग करून दाखविले की प्लेग पसरतो तो उंदराच्या अंगावरील पिसवांमुळे. त्याचे म्हणणे तेव्हा फारसे कोणी मानले नाही. पुढे १९०५ साली नेमलेल्या संशोधन मंडळाने मुंबईस परळ येथे बारकाईने प्रयोग केले. ज्या पिंजऱ्यापर्यंत पिसवा पोचू शकत होत्या तेथील जनावरांना प्लेग झाला; जेथे त्यांना अटकाव केला होता तेथील जनावरे निरोगी राहिली. याच मंडळाने जमिनींचीही परीक्षा केली. प्लेगच्या जंतूंनी मुद्दाम माखलेली शेणाने सारवलेली जमीन ४८ तासांनंतर रोग देईनाशी होते आणि चुन्याची जमीन तर २४ तासांतच निर्धोक होते, असे आढळले. म्हणजे ज्या जमिनी एवढ्या त्वेषाने उकरल्या गेल्या, त्या दोन दिवसांत आपल्या आपण शुद्ध होत होत्या! खरा शत्रू कौलांत, बिळांत आणि धान्याच्या पोत्यांआड होता. इतकेच नव्हे, तर गटारांतून सोडलेल्या लोटांनी उंदीर बाहेर पडून घराघरांत शिरले असावेत, असेही पुढील अभ्यासकांनी म्हटले आहे.

याउलट कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांतील अडाणी म्हटले जाणारे खेडूत घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून रानात राहावयास जात. आपल्याकडेही पुढे ‘उंदीर पडले’ एवढे ऐकताच लोक गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहू लागले. जंतूचे नावही ठाऊक नसता त्यांनी धोक्याची खूण बरोबर ओळखली होती.

मात्र त्या काळच्या अधिकाऱ्यांस हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा आपणही रस्ते धुतले, भाजी धुतली, दाराच्या कड्या पुसल्या. रोग मात्र मुख्यतः श्वासावाटे आणि हवेतून पसरत होता. त्या वर्षीच्या मार्चअखेरीस बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचे फवारे मारण्यात आले. असे फवारे माणसांवर कधीही मारू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेला मे महिन्यात स्पष्ट सांगावे लागले. एकशे तेवीस वर्षांत औषधाचे नाव बदलले होते. गरिबाकडे पाहण्याची दृष्टी बदलली नव्हती.

मृत्यूनंतरची सफाई आवश्यक आहे यात शंका नाही. परंतु ती करण्यापूर्वी रोग कोठे आहे हे नीट शोधावयास हवे. ज्या घरात आपण शिरतो ते कोणाचे तरी शोकाचे घर आहे, याचे भान हवे. आणि जो माणूस आपल्यासाठी त्या खोलीत पहिले पाऊल टाकतो, त्याच्या हातांना मोजे, पोटाला पुरेसे वेतन आणि समाजात मान मिळावयास हवा. भिंतींना चुना देणे एका दिवसाचे काम आहे. एवढे करावयाचे मात्र आपल्याकडून अजून राहिले आहे.