बिलियर्डची काठी आणि तिचें कातडें

जुनी वस्तु नवी करावी कीं जुनीच राखावी, हा वाद देवळें आणि पोथ्या यांच्या बाबतींत विद्वान् लोक नेहमींच घालीत आले आहेत. बिलियर्डच्या काठीच्या निमित्तानें तो आमच्यापुढें येईल, असें मात्र आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं त्यांच्या वडिलांची इंग्लिश काठी आहे. पुढचा भाग ॲश लाकडाचा, मूठ काळ्याभोर आबनुसाची. अमेरिकेहून परतलेल्या त्यांच्या चिरंजीवांनीं ती घासून, नवें रोगण देऊन, मुठीवर पुष्कळ किंमतीचें कातडें चढविण्याचा बेत केला. स्नेह्यांनीं आमचें मत विचारलें. मत देण्यापूर्वीं इतिहास पाहावा, ही आमची जुनी खोड.

आरंभीं या खेळांत आजच्या रूपाची काठी नव्हतीच. सतराव्या शतकांत युरोपांतील खेळाडू टोंकाशीं जड ठोकळा बसविलेल्या दांड्यानें चेंडू ढकलीत. इंग्रजींत त्यास ‘मेस’ म्हणत. चेंडू कांठाला चिकटला, म्हणजे ठोकळ्याचें कांहीं चालेना. तेव्हां दांडा उलटा धरून त्याच्या शेंपटीनें काम भागवीत. फ्रेंच भाषेंतील शेंपटीच्या शब्दावरूनच ‘क्यू’ हें नांव आलें. पुढें ठोकळा गेला, शेंपूट राहिली!

परंतु उघड्या लाकडी टोंकानें चेंडूच्या मध्यावर मारतां येई. जरा बाजूस मारावें, तों काठी निसटे. हें वैगुण्य कातड्यानें घालविलें. त्याचें श्रेय मिंगो नांवाच्या एका फ्रेंच कॅप्टनास देतात. कारागृहांत असतां त्याला ही युक्ति सुचली, अशी आख्यायिका आहे. त्याचा या खेळावरील ग्रंथ १८२७ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. टोंकावर कातड्याची चकती, तिच्यावर खडूची पूड, एवढीच सामग्री. चकती व चेंडू यांची गांठ एका सेकंदाच्या सुमारें सहस्रांशापुरतीच पडते. पण तेवढ्यांत कातडें चेंडूला धरून ठेवतें आणि त्याला हवी ती गिरकी देतें. या गिरकीचें गणित मांडणारा ग्रंथ १८३५ सालीं कोरिओलिस या फ्रेंच पंडितानें लिहिला. पृथ्वीच्या भ्रमणामुळें वाऱ्यांना मिळणाऱ्या वळणाशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे, तेच हे कोरिओलिस.

मुठीवरील वेष्टनाचा इतिहास निराळा आहे. इंग्लिश काठीची मूठ बहुधा उघडीच असते. वेष्टनाची चाल विशेषतः अमेरिकेंतील. तळहाताचा घाम शोषला जावा व पकड सुटूं नये, हा तिचा हेतु. रशियांत १९१२ सालीं जन्मून न्यूयॉर्कमध्यें नांवारूपास आलेला जॉर्ज बालाबुश्का हा कारागीर १९७५ सालीं वारला. त्याच्या काठ्या आज संग्राहक जपून ठेवतात. त्याच्या बहुतेक काठ्यांवर आयरिश तागाचा दोरा आहे, कातडें क्वचित्. म्हणजे ज्यानें या धंद्याला कीर्ति आणून दिली, त्याचें काम साध्या सुतावर भागलें. टोंकावरील स्वस्त चकतीनें खेळच पालटला. मुठीवरील महाग कातड्यानें हाताला सुख मिळालें. दोहोंची योग्यता एक नव्हे.

आपल्या देशाचाही या काठीशीं संबंध आहे. १८७५ सालीं जबलपूरच्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांत स्नूकर जन्मास आलें. आणि १९५८ सालीं बिलियर्डचें जागतिक हौशी अजिंक्यपद पुण्यास जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं मिळविलें. जुन्या काठ्यांवरील झिलई तर मद्यार्कांत विरघळविलेल्या लाखेची, आणि लाखेचें मोठें माहेर म्हणजे आपलीं छोटा नागपूरचीं जंगलें.

असो. आम्ही आमच्या स्नेह्यांस पुढील अभिप्राय कळविला. चकती झिजावी व बदलावी, यासाठींच असते. ती खुशाल नवी लावावी. झिलई मंदावली असेल, तर धूळ व मळ हलक्या हातानें काढून लाखेचा पातळ हात द्यावा. काचकागद लावूं नये, कारण त्यानें मळाबरोबर लाकूडही जातें. पण कातडें लाकडाशीं समपातळींत बसवावयाचें, तर मुठीभोंवतीं खांच पाडावी लागते. चिकटविलेलें कातडें उद्यां काढतां येईल; तासलेलें आबनूस पुन्हा भरून येणार नाहीं. ज्या जागीं वडिलांचा हात तीस वर्षें फिरून लाकूड गुळगुळीत झालें, नेमकी तीच जागा त्या खांचेंत जाईल.

चिरंजीवांचें म्हणणेंही आम्ही टाकाऊ मानीत नाहीं. खुंटीला टांगलेल्या काठीपेक्षां हातांतली काठी बरी, आणि घामानें निसटणारी मूठ खेळाडूच्या काय कामाची, असें ते म्हणतात. त्यांनीं वेष्टनाची एखादी नवी काठी घ्यावी व जुनीनेंही अधूनमधून खेळावें, असें आम्ही सुचविलें आहे. त्यांस तें पटलें किंवा नाहीं, हें सांगवत नाहीं. मूठ अद्याप उघडीच आहे, एवढें मात्र आम्ही परवांच पाहून आलों.